गोल मशीनचं सीतादही

दोन सुयांवर स्वेटर विणता येतो म्हणजे हजारो सुयांची मशीनही आपल्याला येणारच, असं समजणारी एक बाई मी फार जवळून पाहिली आहे. तिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, नाकाचा शेंडा कायम वर आणि स्वतःच्या अकलेवर भलता भरवसा. ती बाई म्हणजे मीच. आज ती माझ्यापुढे आली तर तिला आधी पाणी देईन, बस म्हणेन, आणि मग तिची अशी काही खेचेन की तिचं नाक जागेवर येईल.

आमचं गाव बाळापूरच्या बाजूचं. घरी काळी जमीन, कापूस-तूर. पण ती वर्षं अशी होती की पराटी, म्हणजे कपाशीचं झाड, कमरेपर्यंत यायच्या आत करपायची, आणि आलीच तर बोंडात अळी बसायची. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत कोणत्या गावाचं नाव असेल सांगता येत नव्हतं. अशातच मी अमरावतीला भावाकडे आले. दोन महिने राहते, हाताला काही मिळालं तर बघते, असं घरी सांगून आले होते. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत एका शेटजींचं होजियरी कापडाचं युनिट होतं. तिथं मला काम मिळालं ते कापड तपासायचं. दिव्याच्या काचेवरून कापड ओढायचं आणि भोक, डाग, रेघ दिसली की खडूनं खूण करायची. माझ्याबरोबर एक आपा होती, अकोल्याहून लग्न होऊन इकडे आलेली. तिचा नवरा शिंपी. ती सूत, शिवण, कापड यातलीच, आणि जिभेनं माझ्याहून तिखट.

मशीन चालवायला बाहेरगावचे कारागीर असत. दसऱ्याआधी त्यातले दोघं गावी गेले ते परतलेच नाहीत. शेटजींनी नुकतीच एक जुनी मशीन आणून ठेवली होती, ती उभीच राहिली. तेव्हा ही बाई, म्हणजे मी, शेटजींच्या खोलीत जाऊन म्हणाली, "मले विणता येते शेटजी. शाळेत शिकेल आहो मी."

शेटजींनी मान वर केली. "काय विणता?"

"सोटर."

शेटजी हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मी तिथूनच परत फिरले असते. ते म्हणाले, मास्तर शिकवत असेल तर शिका, आपालाही घ्या.

मास्तर पंजाबकडचा, सडपातळ, कानावर कायम एक सुई खोचलेली. त्यानं पहिल्या दिवशी मला मशीनपुढे उभं केलं आणि विचारलं, कपडा कहाँ से निकलता है. मी वर बघितलं, खाली बघितलं, चारही बाजूंनी फिरून आले. लग्नाच्या डेऱ्याएवढं लोखंडी गोल तोंड, त्याच्या काठावर उभ्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत एक सुई. डोक्यावर चहूबाजूंनी सुताचे कोन टांगलेले, त्यांची सुतं छत्रीच्या काड्यांसारखी मधे उतरलेली. मी ठासून सांगितलं, वरून निघते. मास्तरानं मला खांद्याला धरून खाली वाकवलं. कापड पोटातून खाली उतरत होतं. शिवण नसलेलं, गोल, पोत्यासारखं.

मग तो दाखवत गेला. सुई वर चढली की तिची बारीक जीभ उघडते. सूत तिच्या आकड्यात येतं. सुई खाली जाते, जुना फास जिभेवरून सरकून निघून जातो, आणि त्याच्या जागी नवा फास बसतो. एवढंच. पण हे सगळं गोल फिरता फिरता, एकीमागून एक, न थांबता. आडवा धागा नाही, उभा धागा नाही. धागा नुसता गोल गोल फिरतो आणि स्वतःतच अडकत जातो. सूत तुटलं की लाल दिवा लागतो आणि मशीन थांबते. दिवा लागला नाही आणि मशीन फिरतच राहिली तर सुयांवरचे फास सुटतात आणि अख्खं कापड धपकन खाली पडतं. ते पुन्हा सुयांवर चढवायला अर्धा दिवस जातो.

"ऐसा कभी नहीं होना चाहिए," मास्तर म्हणाला.

"होनार नाई," मी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी झालं. आपानं पडलेलं कापड उचलून मला विचारलं, "भाभी, हे झबलं कोनासाठी?"

तरी शिकलो. गाठ मारायला सर्वांत जास्त वेळ लागला. कापसाच्या गाठोड्याला मारतो तशी जाडजूड गाठ मी मारायची आणि ती सुईत जाऊन सुई तुटायची. पुढे दोघींचेही हात बसले.

तेवढ्यात गावाहून निरोप यायला लागले. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, घरचे कर्ते. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कापूस थोडा का होईना फुटला होता, वेचायला बाहेरच्या बाया लावायची ताकद नव्हती, आणि घरची सून अमरावतीत बसून दुसऱ्याचं सूत गुंडाळत होती. दोनदा मी टाळलं. तिसऱ्यांदा माझा नवरा स्वतः आला.

तो कमी बोलतो. तेव्हाही कमीच बोलायचा. भावाच्या ओट्यावर बसून म्हणाला, "दादा म्हनते, आता चाल."

"अन् तुमी का म्हनता?"

"मी का म्हनू."

मला त्याचा राग आला आणि दयाही आली. त्याच आठवड्यात शेटजींनी आम्हाला सांगितलं होतं की नागपूरचा एक व्यापारी येणार आहे. आम्ही चालवलेल्या जुन्या मशीनचा रोल त्याला दाखवायचा. त्याला पसंत पडला तर ती मशीन बायांची, पक्की. नाही तर पंजाबातून माणसं येतील आणि आम्ही परत दिव्याच्या काचेपाशी. काचेपाशीची जागा तर कधीही जाणारी. म्हणून मी नवऱ्याला म्हणाले, "उद्याचा रोल निघू द्या. चांगला निघाला त थांबते. नाई निघाला त तुमच्यासंग येते, बोलनार नाई एक शब्द."

"खरंच नाई बोलनार?" तो म्हणाला.

"नाई."

त्यानं मान हलवली. माझं न बोलणं बहुतेक त्याला पटलं नव्हतं, पण करार मान्य होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर युनिटवर आला आणि गेटपाशी चौकीदाराच्या बाकड्यावर बसला. त्याच्या पायाशी माझी पिशवी होती. मीच भरून आणली होती, म्हणजे नाही निघाला तर परस्पर बस धरता येईल. शटर अर्धं उघडं असायचं. मशीनपाशी उभं राहिलं की मला तो आणि ती पिशवी, दोन्ही दिसत होतं.

आता मुख्य पराक्रम. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करतात. पराटीच्या झाडापाशी दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, दही शिंपडायचं, सीतामाईला हात जोडायचे आणि मगच ओटीत पहिला कापूस घ्यायचा. त्या दिवसांत घरी शेतात ते होणार होतं आणि मी तिथं नव्हते. रात्रभर ते मला टोचत होतं. सकाळी माझ्या डोक्यात आलं की ही मशीनही कापूसच खाते, मग हिचीही पहिली वेचणीच की. आज हसू येतं. तेव्हा मला वाटलं होतं की काय सुचलंय.

आपाच्या घरी म्हैस होती, म्हणून जाताना आधी तिच्याकडे गेले. दही तिनंच आणलं. "दही माझं, मंत्र तुझे," ती म्हणाली. "बिघडलं त तुझ्या मंत्रानं बिघडलं." शेटजींनी खोलीच्या दारातून पाहिलं आणि तेही वऱ्हाडचेच, चपला काढून उभे राहिले, करा करा म्हणाले. मास्तर चहाला गेला होता. मी पायथ्याशी दहीभात ठेवला आणि कडुलिंबाच्या डहाळीनं दही शिंपडलं. शेतात शिंपडतात तसं, हात मोकळा सोडून. कुणी हात आखडता घेतं का सीतादह्याला.

मास्तर आला, मशीनकडे बघितलं, बोट लावलं, बोट नाकाशी नेलं.

"ये क्या है?"

"दही."

"मशीन पे?"

"सीतामाईचं आहे," मी म्हणाले, जणू त्यानं विचारलं होतं कोणत्या डेअरीचं.

फडकं घेऊन त्यानं जेवढं दिसलं तेवढं पुसलं, रॉकेलचा हात फिरवला आणि मशीन चालू केली. आधी सगळं छान. कोन फिरत होते, रुई उडत होती, कापड उतरत होतं. मी मधूनच शटरकडे बघत होते. नवरा चौकीदाराची तंबाखू मळत होता.

मग आपा मशीनखाली वाकली, गोल कापडाच्या आतला दिवा लावला, आणि वाकलेलीच राहिली. मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

"भाभी, रेघ हाय."

मी वाकले. पांढऱ्या कापडात वरून खाली एक पुसट, शिडीसारखी रेघ. बोटानं जाणवत नव्हती, दिव्यासमोर मात्र लपत नव्हती. एखादी सुई नीट वर-खाली होत नसली की अशी रेघ पडते, आणि ती संपत नाही. मशीन फिरत राहील तेवढी लांब होते.

मास्तरानं मशीन थांबवली. हातानं चाक फिरवत फिरवत त्यानं ती सुई बाजूच्या छोट्या दारापाशी आणली, दार उघडलं, सुई उपसली. तिच्या जिभेवर पिवळट चिकटा होता. दही, तेल आणि रुई यांचं लोणी. त्यानं ती सुई माझ्या तळहातावर ठेवली आणि नवी सुई आणायला वळला. रागावला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

नवी सुई घातली, मशीन चालवली. रेघ तिथंच. मग त्यानं खाच तपासली. तो चिकटा खाचेतही उतरला होता, आणि रॉकेलनं धुऊन काढल्यावर खाली दिसलं की खाचेची भिंतच किंचित वाकलेली आहे. जुनी मशीन, ट्रकमधून येताना कुठं ठोकर लागली असेल. म्हणजे रेघ दह्यानं पडली की आधीचीच होती आणि दह्यानं नुसती दाखवून दिली, हे मला आजही माहीत नाही. पण त्या सकाळी कुणालाच या प्रश्नात रस नव्हता. खाच सरळ करायची तर सगळ्या सुया काढून अख्खा गोल उतरवावा लागणार होता. त्याला दुसरा दिवस उजाडला असता. व्यापारी दुपारच्या चहाला येणार होता.

शेटजी आले. त्यांनीही दिव्यात बघितलं.

"मास्तर, अब क्या?"

"आज नहीं होगा, सेठजी."

शेटजी माझ्याकडे वळले. सकाळी त्यांनीही हात जोडले होते हे ते बहुधा विसरले होते. "बाई, देव कुठं बसवायचा याला काही जागा असते," ते म्हणाले आणि खोलीत जाऊन त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला. पंजाबात लावत असतील असं मी धरून चालले.

मी शटरकडे बघितलं. नवरा उठून उभा राहिला होता. मशीन थांबली की आवाज थांबतो, आणि तो थांबलेला त्यालाही ऐकू आला होता. त्यानं पिशवी उचलून बाकड्यावर ठेवली. खरं तर धूळ लागू नये म्हणून ठेवली असेल. पण मी मनात बसच्या खिडकीत बसलेसुद्धा. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, आणि पुढे भासऱ्यांचा गप्प चेहरा. ते रागावत नसत, तेच वाईट होतं.

डोळे भरून यायला लागले. आपानं ते बघितलं. "रडू नको व आता," ती म्हणाली, "आधीच दही हाय, त्यात मीठ नको."

मग ती पुन्हा कापडाशी वाकली, रेघेवरून बोट फिरवत राहिली. "आमच्या घरी कापडात असा डाग आला तर आमचे हे तो शिलाईत दाबते," ती सहज म्हणाली. "पाठीवर येऊ देत नाही. हे कापड तर कापायचंच हाय ना उभं?"

हे इथं सांगायला हवं. गोल कापड गोल विकत नाहीत. ते एका बाजूनं उभं चिरून सपाट करतात. चिरायची जागा दिसावी म्हणून मशीनवर एक सुई मुद्दाम काढून ठेवलेली असते. ती खाच रिकामी, त्यामुळे तिथं पोकळ रेघ पडते, आणि कात्री त्या रेघेवरून चालते. आमच्याही मशीनवर अशी एक रिकामी खाच होती. पण ती वाकड्या खाचेपासून दूर, गोलाच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला होती.

मास्तर कानावरची सुई काढून दातांत धरून उभा होता. ती त्यानं बाहेर काढली. "मैं भी वही सोच रहा था," तो म्हणाला. "लेकिन पूरा नया रोल निकालना पड़ेगा. टाइम?"

"टाइम गया चूल्हे में," आपा म्हणाली. "मशीन खोल."

मग कामाला लागलो. वाकड्या खाचेतली सुई काढून तिथं रिकामी जागा ठेवायची, आणि इतके दिवस रिकामी असलेल्या खाचेत चांगली सुई घालायची. चिरायची रेघ एकीकडून उठून दुसरीकडे बसणार होती. मास्तर सुया घालत होता, मी चाक फिरवत होते, आणि त्यानं हात वर केला की थांबत होते. एक दात जास्त फिरला तर सुईची मान मोडते. हे मला चांगलं माहीत होतं, कारण पूर्वी मी मोडली होती.

मशीन चालू झाली. जुन्या रिकाम्या जागेवर नवी सुई हळूहळू टाके धरायला लागली. मी दिवा घेऊन खाली बसूनच राहिले. तिथली पोकळ रेघ बारीक झाली, बारीक झाली आणि मिटली. आता कापडात एकच रेघ होती, वाकड्या खाचेची, आणि ती तिच्या जागी होती. तोवरचं कापड कापून बाजूला टाकलं आणि नवा रोल धरला.

आता भांडण नुसतं घड्याळाशी. माझा हात दोनदा वेगाच्या बटणाकडे गेला. दुसऱ्यांदा मास्तरानं तो नुसता धरून खाली ठेवला. जुन्या मशीनला जास्त पळवलं की सूत तुटतं. तसं न पळवताही तुटलं. लाल दिवा लागला आणि मी गाठ मारायला घाईघाईनं सुताची टोकं ओढली. आपानं मला सांगितलं, "तुझ्या सासूची शेंडी बांधून राहिली असं समज. हळू." गाठ बारीक बसली. ती कापडातून खाली उतरली तेव्हा मला ती सापडलीसुद्धा नाही, आणि मी शोधत होते.

शेटजी दोनदा दारात येऊन गेले. नवरा बाकड्यावरून उठला, शटरपर्यंत आला, परत गेला.

रोल हवा तेवढा जाड व्हायच्या आत व्यापाऱ्याची गाडी आली. शेटजींनी त्याला खोलीत नेलं. चहा मागवला, मग दुसरा चहा मागवला. दुसरा कप बघून मला कळलं की शेटजी अजून आमच्या बाजूनं आहेत.

रोल उतरवला. मास्तरानं रेघेवर कात्री लावली आणि सरळ चिरत नेलं. कापड उलगडून काचेवर आलं. ज्या काचेपाशी मी बसायचे, तिथंच तो माणूस बसला. तो दिव्यावरून कापड ओढत गेला. मी त्याच्या हाताकडे बघत होते, खडू उचलतो का. एकदा थांबला. काठ हातात घेतला.

"किनारा ज़रा चौड़ा है."

"कटिंग लाइन है साहब," मास्तर म्हणाला, "थोड़ी जगह रखी है." आवाज अगदी नेहमीचा. अशी माणसं खरं बोलताना फार बरी दिसतात.

व्यापाऱ्यानं काठ सोडला. कापड पुढे ओढलं. शेवटपर्यंत ओढलं. खडू टेबलावरच राहिला. उठताना शेटजींना म्हणाला, "इसी मशीन का चाहिए. बाकी भी ऐसा ही."

शेटजी आमच्याकडे बघून म्हणाले, "मग बंद काहून आहे मशीन?"

मी बटण दाबलं. त्यापेक्षा मोठं कौतुक मला त्यांनी पुढे कधी केलं नाही, आणि माझी तक्रारही नाही.

नवरा शटरपाशी आला होता, पिशवी हातात घेऊन. आत यायची त्याला परवानगी नव्हती. मशीनच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं म्हणून मी नुसती मान हलवली. तो समजला. त्यानं पिशवी शटरच्या आत ठेवली, भिंतीला टेकवून. मग तोंडाशी हाताचा पसा धरून ओरडला, "दादाले का सांगू?"

या प्रश्नाचा विचार मी केलाच नव्हता. इतकी शहाणी बाई, रात्रभर जागी, सीतामाईला दही पाजून मोकळी, आणि हे उत्तर तयार नाही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात लाल दिवा लागला. मी वळले, सुताची टोकं शोधली, गाठ मारली, मशीन सुरू केली.

पुन्हा बघितलं तेव्हा शटरमधे ऊन होतं आणि तो हमरस्त्याकडे निघून गेला होता, अकोल्याची बस धरायला, हात रिकामे.

त्यानं घरी जाऊन भावाला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्या वर्षीचा आमचा कापूस त्यानं आणि जाऊबाईंनी मिळून वेचला, उन्हात, ओटी बांधून. गावातल्या बाया त्याला हसल्या म्हणे. भासऱ्यांचा निरोप मात्र पुन्हा आला नाही.